वाचकांचे प्रश्न : नागपूरचे सी. के. आणि बाल्टिमोरचा बेब

बेचाळीस वर्षं मी नागपुरातल्या मैदानांच्या कडेला टेबल टाकून स्कोर लिहिला. क्लबाचे सामने, शालेय सामने, आंतरमहाविद्यालयीन सामने. म्हणून या पानावर क्रीडाविषयक पत्रांना उत्तरं द्यायचं काम संपादकांनी माझ्याकडे सोपवलंय. या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच माणसाभोवती फिरतात, तेव्हा ती एकत्रच घेतो.

प्रश्न : नमस्कार सर. माझी मुलगी बाल्टिमोरला असते. यंदा तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंनी बेब रूथ नावाच्या बेसबॉल खेळाडूचं जन्मघर दाखवायला नेलं. तिथल्या स्टेडियमपासून त्या घरापर्यंत फुटपाथवर बेसबॉलचे चेंडू रंगवलेत, त्यांच्या मागे मागे चालत जायचं. घर अगदी लहान, महालातल्या जुन्या बिऱ्हाडांसारखं, भिंतीला भिंत लागलेलं. चालता चालता मनात आलं, भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू आपल्या नागपुरात जन्मले. आपण त्यांच्यासाठी काय केलं? परत आल्यावर हे बोललो तर आमचे व्याही म्हणाले, ‘‘नायडू इंदूरचे, घराणं तेलुगू. नागपूरचा त्यात काय संबंध?’’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.
— निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमच्या व्याह्यांना आधी त्या बाल्टिमोरच्या घराचीच गोष्ट सांगा. बेब रूथ ६ फेब्रुवारी १८९५ रोजी तिथं, आपल्या आजोबांच्या घरी जन्मला. सात वर्षांचा असताना आईबापांनी त्याला गावातल्याच सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये टाकलं आणि बेसबॉल तो तिथं शिकला. १९१४ साली बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाने त्याला घेतलं, पण काही महिन्यांतच बोस्टनला विकून टाकलं. १९२० पासून तो न्यूयॉर्कचा झाला. १९२७ च्या एकाच मोसमात त्याने ६० होमरन मारले. आपला षटकार जसा सीमारेषेपार पडतो, तसा त्यांचा चेंडू कुंपणापार जातो. तो विक्रम ३४ वर्षं टिकला. पूर्ण कारकिर्दीत ७१४ होमरन, आणि त्यातले सगळेच्या सगळे दुसऱ्या गावांच्या संघांसाठी. तरीही १९६० च्या दशकाच्या शेवटी ते पडकं घर पाडायची वेळ आली तेव्हा बाल्टिमोरकरांनी ते वाचवलं आणि पुढे त्याचं संग्रहालय केलं. ‘तो न्यूयॉर्कचा होता’ म्हणून कुणी हात झटकले नाहीत. तुम्ही ज्यांच्या मागे चाललात ते रंगवलेले चेंडूही साठच आहेत.

आता आपल्याकडे या. कोट्टारी कनकय्या नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मले. सालही तेच, रूथहून जेमतेम नऊ महिन्यांनी लहान. घराणं मूळचं आंध्रातलं. आजोबा नागपुरात वकिली करत आणि गावात त्यांना मोठा मान होता. त्या काळचं नागपूर म्हणजे मध्य प्रांताची राजधानी. मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली, पारशी, इंग्रज असे सगळे इथल्या शाळा-कचेऱ्यांत एकत्र. सी. के. इथल्याच हिस्लॉपमध्ये शिकले आणि इथल्याच मैदानांवर त्यांचा हात बसला. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत, म्हणजे हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांच्या स्पर्धेत, हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते पहिल्यांदा उतरले तेव्हा ते नागपूरचेच होते, वय वीस. पहिले तीन चेंडू त्यांनी अडवले आणि चौथ्यावर षटकार मारला. प्रथम श्रेणीतली त्यांची पहिली धाव म्हणजे हा षटकार. होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले १९२३ साली. म्हणजे आयुष्याची पहिली सत्तावीस वर्षं इथली. माणूस घडतो ती वर्षं त्याच्या गावाच्या खात्यात लिहायची नाहीत, तर कुठली लिहायची?

इंदूरचा हक्क मी नाकारत नाही. इंदूरने त्यांना फौजेत हुद्दा दिला, संघ दिला. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघ नऊ वर्षांत आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गेला आणि चार वेळा जिंकला. त्यांचं निधनही १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरलाच झालं. दोन गावांचा एक माणूस असू शकतो. आपल्या लेकी सासरी गेल्या म्हणून माहेरच्या राहत नाहीत का?

तुमच्या व्याह्यांना आणखी एक सांगा. रणजी करंडकात विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो. पहिलं विजेतेपद मिळायला साठ वर्षं लागली. ते मिळालं १ जानेवारी २०१८ रोजी, फैज फझलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं तेव्हा. रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली होती. आणि सामना कुठे झाला? इंदूरला, होळकर स्टेडियमवर. मी त्या दिवशी घरी रेडिओ आणि मोबाईल दोन्ही लावून बसलो होतो, पुढ्यात जुनी वही, सवयीने स्कोर लिहीत. विजयी धाव लिहिली आणि त्याखाली, नियमात नसताना, ‘सी. के. यांच्या इंदुरात’ एवढं लिहून तारीख टाकली. ते पान मी जपून ठेवलंय.

राहिला ‘आपण काय केलं’ हा प्रश्न. त्यांच्या नावाने बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार आहे, तो १९९४ पासून दिला जातो आणि पहिला लाला अमरनाथांना मिळाला. तरुण खेळाडूंसाठी कर्नल सी. के. नायडू करंडक आहे. हे देशाने केलं. गावाने करायचं ते वेगळं असतं. मागच्या हिवाळ्यात एका नेटवर पंधरा-सोळा वर्षांची पोट्टी सराव करत होती. मी त्यांना विचारलं, सी. के. नायडू कोण? एकजण लगेच म्हणाला, ‘‘ते तर ट्रॉफीचं नाव आहे ना काका!’’ पंधरा मुलांत एकाला ते नागपुरात जन्मल्याचं माहीत होतं, आणि त्यालाही आजोबांनी सांगितलेलं. त्या मुलांचा दोष नाही. त्यांना सांगायचं काम आपलं होतं.

प्रश्न : काका, आमचं तरुण मंडळ आहे. वर्गणी काढून चौकात सी. के. नायडूंचा पुतळा उभारायचा विचार आहे. बॅट उंचावलेला. तुमचा आशीर्वाद हवा.
— मंडळाचे कार्यकर्ते, पूर्व नागपूर

उत्तर : तुमच्या मनात हे आलं, यातच मला आनंद आहे. पण वर्गणी काढण्याआधी माझं ऐका.

पहिली गोष्ट जागेची. रस्ता, फुटपाथ आणि लोकांच्या वापराच्या इतर सार्वजनिक जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तेव्हा चौकाचा विचार सोडा. एखादी शाळा, क्लब किंवा मैदानाचं आवार बघा आणि आधी लेखी परवानगी घ्या.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बाल्टिमोरच्या त्याच स्टेडियमबाहेर बेब रूथचा ब्राँझचा मोठा पुतळा आहे, १९९५ साली, त्याच्या जन्मशताब्दीला बसवलेला. तरुण रूथ बॅटीवर रेललाय आणि हातात ग्लोव्ह धरलाय. रूथ डावखुरा होता. डाव्या हाताने चेंडू फेकणारा खेळाडू ग्लोव्ह उजव्या हातात घालतो. पुतळ्यातला ग्लोव्ह मात्र उजव्या हाताने फेकणाऱ्याचा, म्हणजे डाव्या हातात घालायचा आहे. पुतळा उभा राहिल्यावर लोकांच्या ते लक्षात आलं. ब्राँझ खोडरबराने पुसता येत नाही. एवढं प्रेम, एवढा पैसा, आणि जो माणूस डाव्या हाताने खेळून मोठा झाला त्याच्या हातात उजवऱ्याचा ग्लोव्ह कायमचा राहिला.

मी आयुष्यभर एकच काम केलं, जे घडलं ते जसंच्या तसं लिहिणं. चौकार असेल तर चौकार, लेगबाय असेल तर लेगबाय. फलंदाज कितीही लाडका असला तरी पॅडला लागून गेलेली धाव मी कधी त्याच्या नावावर टाकली नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, पुतळ्यात चूक करण्यापेक्षा पुतळा नसलेला बरा. करायचाच असेल तर मूर्तिकाराला नुसता एक फोटो देऊन मोकळे होऊ नका. सी. के. उजव्या हाताने फलंदाजी करत, गोलंदाजीही उजव्या हाताने करत. उंच, सडपातळ, ताठ बांध्याचे. त्या काळी हेल्मेट नव्हतं. पॅड कापडी आणि पट्ट्यांचे, हातमोजे आजच्यापेक्षा पातळ. बॅट आजच्यापेक्षा हलकी आणि कडांना बारीक. आजच्या जाड कडांची बॅट त्यांच्या हातात दिलीत, तर षटकार बॅटीने मारले असं वाटेल. ते मनगटाने आणि पायांनी मारलेले होते.

आणि पाटीवरचा मजकूर शाळेतल्या भाषाशिक्षकांकडून तपासून घ्या. नाव, जन्मतारीख, गाव. ‘महान’, ‘थोर’ ही विशेषणं नसली तरी चालतील. २५ जून १९३२, लॉर्ड्‌स, भारताची पहिली कसोटी, कर्णधार, एवढं लिहिलं की बाकी सगळं त्यात आलं.

माझ्या मनातलं विचाराल तर त्याच वर्गणीतून वस्तीतल्या मुलांसाठी सिमेंटची एक खेळपट्टी, वर मॅट, बाजूने जाळी आणि ‘सी. के. नायडू सराव नेट’ अशी पाटी, हे मी आधी करीन. मॅट दर दोन-तीन वर्षांनी फाटते, तेव्हा तिच्यासाठी थोडे पैसे आधीच बाजूला टाका. विदर्भाकडून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला आणि टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करत वर आला. तसं एखादं पोट्टं तुमच्याही वस्तीत असेल.

प्रश्न : १९२६ साली मुंबईत इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्धच्या त्या प्रसिद्ध खेळीत सी. के. यांचे षटकार अकरा की तेरा? आमच्याकडे पैज लागली आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सदर

उत्तर : अकरा षटकार, तेरा चौकार. पैजेचे पैसे सराव नेटला द्या.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेत सी. के. नायडूंचा दिवस साजरा करावा असं वाटतं. पण निधी नाही, मैदान लहान, आणि मुलांना भाषणं ऐकून कंटाळा येतो. काय करता येईल?
— एक शिक्षिका, कामठी तालुका

उत्तर : बाई, तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद दिला, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवस ३१ ऑक्टोबर धरू नका, तो बहुधा दिवाळीच्या सुट्टीत जातो. १ डिसेंबर धरा. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या, आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाकडून सी. के. यांनी १५३ धावा केल्या, दोन तासांहून कमी वेळात. १ डिसेंबर २०२६ ला त्या खेळीला शंभर वर्षं होतात. त्या काळात इंग्रजांच्या संघाला एका भारतीयाने असं फोडून काढणं ही नुसती खेळाची बातमी नव्हती. कचेरीत ज्यांच्यापुढे मान खाली घालून उभं राहायचं, त्यांचे चेंडू तंबूंच्या छपरांवर जाऊन पडताना हजारो लोकांनी पाहिले. पाहुण्या संघानेही दिलदारपणे त्यांना चांदीची बॅट भेट दिली. दोन वर्षांनी, १९२८ साली, भारताचं क्रिकेट मंडळ उभं राहिलं आणि १९३२ साली आपण कसोटी खेळलो. ती कसोटी आपण १५८ धावांनी हरलो, हे मुलांना जरूर सांगा. हेही सांगा, की दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते, पण कसोटीच्या दिवशी ते बाजूला झाले आणि सी. के. यांनी नेतृत्व केलं. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला दुखापत झाली, तरी पहिल्या डावात त्यांच्या ४० धावा भारताकडून सर्वांत जास्त होत्या. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीत त्यांनी १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. पुढच्याच वर्षी विस्डेन या इंग्लंडमधल्या क्रिकेट-वार्षिकाने त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत निवडलं.

आता कार्यक्रम. भाषण एकही नको. मुलांना स्कोर लिहायला शिकवा.

एक आखीव वही, एक पेन्सिल, एक खोडरबर. सामना टेनिसच्या चेंडूने पाच-पाच षटकांचा. दोन मुली, दोन मुलं स्कोरर. गोलंदाजाच्या चौकटीत प्रत्येक चेंडूला एक खूण : धाव नाही तर टिंब, एक धाव तर १, चौकार तर ४. सहाही चेंडूंवर धाव गेली नाही, तर सहा टिंबं दोन उभ्या ओळींत येतात आणि ती जोडून आपण इंग्रजी ‘एम’ काढतो. ते झालं निर्धाव षटक. पंचाने खूण केली, की स्कोररने हात वर करून दाखवायचा, ‘मी पाहिलं, मी लिहिलं.’ तोपर्यंत पंच खेळ पुढे नेत नाही. मला सगळ्या खेळात हा क्षण सर्वांत प्रिय आहे. मैदानाच्या दोन टोकांना असलेली दोन माणसं एका धावेवर सहमत होतात.

मी हे शिकलो १९६९ च्या ऑक्टोबरात. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर नागपूरची पहिलीच कसोटी होती, न्यूझीलंडविरुद्ध. मी अठरा वर्षांचा. मला धावफलकामागे काम मिळालं होतं. बांबूच्या माचाणावर उभं राहून पत्र्याच्या पाट्या खिळ्याला अडकवायच्या. पांढऱ्या रंगात आकडे, काठ कापलेले, दुपारी उन्हाने इतके तापायचे की मी हाताला शर्टाची बाही गुंडाळून पाटी धरत असे. शेवटच्या डावात आपला संघ १०९ धावांत गेला. एकेका गड्याची पाटी बदलताना खाली मैदान एकदम गप्प व्हायचं आणि पत्रा खिळ्यावर आपटल्याचा आवाज मलाच मोठा वाटायचा. आपण १६७ धावांनी हरलो. संध्याकाळी सगळ्या पाट्या उतरवून झाल्यावर मुख्य स्कोररनी मला जवळ बोलावलं, वही उघडून दाखवली आणि म्हणाले, ‘‘तू लावलेल्या सगळ्या पाट्या इथं आहेत. बघ.’’ निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेलं पान. पुढची बेचाळीस वर्षं त्या पानाने मला दिली.

तेव्हा मुलांचा सामना झाला, की फळ्यावर सी. के. यांची खेळी मांडा. ११ षटकारांचे ६६, १३ चौकारांचे ५२, मिळून ११८. एकूण १५३. मग पळून किती धावा काढल्या? ३५. हे गणित चौथीचं मूलसुद्धा करील आणि करताना त्याच्या डोळ्यांपुढे ती खेळी उभी राहील. मग मुलांना घरी पाठवताना एक काम द्या : आपल्या गावात कधीकाळी कोण चांगलं खेळायचं, ते आजी-आजोबांना विचारून यायचं. कबड्डी, कुस्ती, हॉकी, काहीही चालेल. नाव, साधारण साल, कुठल्या मैदानावर. आलेली नावं शाळेच्या वहीत लिहून ठेवा. तुमच्याकडे बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली असतील तर त्यांचे सामनेही याच पद्धतीने लिहायला लावा. शालेय स्पर्धांत हे दोन्ही खेळ आहेत आणि त्यांच्या नोंदी तर आणखीच कमी ठेवल्या जातात.

कार्यक्रमाला येण्याची माझी इच्छा आहे. कोऱ्या स्कोरबुकांचा एक गठ्ठा घेऊन येईन.

प्रश्न : काका, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. रेशीमबागेत मुलांमध्ये क्रिकेट खेळते. तिचे बाबा तिला सी. के. नायडूंच्या गोष्टी सांगतात, तर ती म्हणते, शंभर वर्षांपूर्वीच्या आजोबांचं मला काय? तिला काय सांगू?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, तिला जबरदस्तीने काही सांगू नका. अकराव्या वर्षी आदर शिकवून येत नाही. तिला दोनच गोष्टी सांगा. पहिली म्हणजे तो चौथा चेंडू. ‘पहिल्यांदा मोठ्या सामन्यात उतरलीस तर पहिले तीन चेंडू काय करशील आणि चौथा काय?’ एवढं विचारा आणि सोडून द्या. दुसरी गोष्ट वयाची : हा माणूस एकसष्टाव्या वर्षी, १९५६-५७ च्या मोसमात, उत्तर प्रदेशकडून रणजी सामना खेळला आणि अर्धशतक काढलं. त्याच १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळालं होतं, क्रिकेटपटूला मिळालेलं पहिलं.

तिला बाई माणसाची गोष्ट हवी असेल तर त्यांच्या कन्या चंद्रा नायडूंची सांगा. १९७० च्या दशकात, समालोचन म्हणजे पुरुषांचंच काम असं सगळे धरून चालायचे तेव्हा, त्या माईकपुढे बसल्या. आणि आजच्या नागपूरची हवी असेल तर मोना मेश्राम आहे, २०१७ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघातली. दिव्या देशमुख आहे. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला तिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी गावाने केलेलं कौतुक तुमच्या मुलीने पाहिलं असेल. शंभर वर्षांनी कुणी दिव्याला ‘जुनी आजी’ म्हणालं तर तुला कसं वाटेल, हे तिला एकदा विचारून बघा. उत्तर मला कळवा.

प्रश्न : सर, माझे वडील साठ-सत्तरच्या दशकांत नागपुरात क्लब क्रिकेट खेळायचे. मागच्या वर्षी ते गेले. माळ्यावर त्यांची एक पेटी सापडली. कात्रणं, दोन स्कोरबुकं, संघाचे फोटो, तीन कप. भाऊ म्हणतो, ते काही सी. के. नायडू नव्हते, काय करायचंय ठेवून? माझं मन होत नाही. आईचं वय ८१ आहे. संघाचा एक फोटो सोबत पाठवते आहे.
— एक मुलगी, धंतोली

उत्तर : ताई, पेटी टाकू नका. भावालाही हे उत्तर वाचायला द्या.

वीसेक वर्षांपूर्वी एका क्लबाने जागा बदलली. तिथं मी कितीतरी मोसम स्कोर लिहिला होता. सामान हलवताना जुनी स्कोरबुकं रद्दीत गेली. मला चार दिवसांनी कळलं. इतवारीतली रद्दीची दुकानं पालथी घातली तेव्हा एका दुकानात नऊ वह्या मिळाल्या. चाळीसच्या आसपास असायला हव्या होत्या. दुकानदाराने तराजूत घालून किलोच्या भावाने दिल्या. त्यातल्या एका वहीची मधली पानं पुड्या बांधायला गेली होती. फाटलेल्या कडेवर माझंच अक्षर होतं, एका मुलाचं नाव आणि पुढे ४७, नाबाद की बाद ते पान फाटल्यामुळे कळत नाही. तो मुलगा आता आजोबा झाला असेल. त्याच्या नातवाला ते ४७ कुणी दाखवू शकणार नाही. मला ते आजही लागून राहतं.

सी. के. यांच्याबद्दल आपल्याला इतकं सांगता येतं, कारण मुंबईत आणि लंडनमध्ये कुणीतरी त्यांचे आकडे लिहून ठेवले आणि जपले. ते ज्या मैदानांवर लहानाचे मोठे झाले तिथल्या वह्या कुणी जपल्या असत्या, तर आज आपण त्यांचं नागपूर मुलांना पानापानाने दाखवू शकलो असतो. तुमच्या वडिलांची पेटी त्याच मैदानांची आहे.

आता कामाचं सांगतो. कात्रणांना सेलोटेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. गंजलेल्या टाचण्या असतील तर हलक्या हाताने काढा, ओढू नका. वर्तमानपत्राचा कागद उन्हाने लवकर जळतो, म्हणून खिडकीपासून दूर ठेवा आणि दोन कात्रणांमध्ये साधा पांढरा कागद घाला. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालतो. ज्या भिंतीला कूलर आहे त्या भिंतीजवळचं कपाट नको, ओल कागदात शिरते आणि पावसाळ्यात कसर लागते. कडुनिंबाची पानं ठेवायची तर वाळवून कापडी पुरचुंडीत ठेवा, कागदाला टेकू देऊ नका, डाग पडतात.

कप चमकवायला घासू नका. चांदीचा मुलामा पातळ असतो आणि दरवेळी घासलं की त्यावर कोरलेली अक्षरं बुजतात. मऊ, कोरड्या कापडाने पुसा, एवढंच. अक्षरं आजच एका कागदावर उतरवून घ्या.

स्कोरबुकांचे मोबाईलने फोटो काढा. सकाळच्या उजेडात, व्हरांड्यात, सावलीत. वही सपाट ठेवा, फोन बरोबर वर धरा, फ्लॅश बंद. एक-एक पान, कव्हरसुद्धा, कोरं पानसुद्धा, कारण कोऱ्या वाटणाऱ्या पानावर कोपऱ्यात कधी कधी पावसाने सामना थांबल्याची वेळ लिहिलेली असते. फोटोंच्या दोन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक भावाकडे.

आणि तुम्ही पाठवलेला संघाचा फोटो मी भिंग घेऊन बघितला. पुढच्या रांगेत मधे कप आहे, तुमचे वडील डावीकडून दुसरे असावेत. मागच्या रांगेत उजव्या टोकाला पांढऱ्या पॅन्टवर साधा शर्ट घातलेला, हातात जाड वही धरलेला एक जण उभा आहे. तो खेळाडू नाही, तो स्कोरर आहे. फोटोच्या मागे एकही नाव लिहिलेलं नाही, असं तुम्ही म्हणता. आईजवळ बसा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, न दाबता, नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढून उमटतो. याच आठवड्यात करा. त्या टोकाच्या माणसाचंही नाव विचारा.